एक्सप्लेनर : पेशीत डीएनए कमी-जास्त झाला तर काय होते? सी अर्चिनच्या अंड्यांतून उत्तर शोधणारे थिओडोर बोव्हेरी

मालवण-देवबागच्या समुद्रात खडकावर पाय ठेवताना जपावे लागते, ते काटेरी चेंडूसारख्या सी अर्चिनमुळे. याच प्राण्याच्या भूमध्य समुद्रातील भाऊबंदांवर प्रयोग करून थिओडोर बोव्हेरी यांनी जीवशास्त्रातले एक मोठे कोडे सोडवले.

कोण होते बोव्हेरी?
जन्म १२ ऑक्टोबर १८६२, जर्मनीतील बाम्बर्ग. १८९३ पासून ते वुर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते. 'एबीबी' या नावातला शेवटचा 'बी' त्यांचे भाऊ वॉल्टर बोव्हेरी यांचा. १८९७ मध्ये विवाह झालेल्या पत्नी मार्सेला याही जीवशास्त्रज्ञ होत्या आणि प्रयोगांत त्यांच्या सोबत असत.

भ्रूणात डीएनए वाढतो का?
फलित अंड्यात आई-वडिलांकडून आलेले गुणसूत्रांचे दोन संच असतात. प्रत्येक विभाजनाआधी ते दुप्पट होतात आणि दोन पेशींत समान वाटले जातात. म्हणून भ्रूणातला एकूण डीएनए वाढत जातो, पण दरेक पेशीच्या वाट्याला तेवढाच येतो.

याला अपवादही बोव्हेरींनीच शोधला. घोड्याच्या आतड्यातील एका जंताच्या भ्रूणात शरीर घडवणाऱ्या पेशी गुणसूत्रांचे तुकडे टाकून देतात. पुढची पिढी घडवणाऱ्या पेशी मात्र ती अखंड ठेवतात. हे त्यांनी १८८७ मध्ये मांडले.

नेपल्समधला प्रयोग काय होता?
सी अर्चिनच्या एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले, तर तीन संच होतात. ते दुप्पट होऊन सहा होतात आणि अंडे एकदम चार पेशींत विभागते. सहा संचांची चौघींत नीट वाटणी होत नाही. बोव्हेरींनी या पेशी सुट्या करून वाढवल्या. एरवी अशा सुट्या पेशींपासूनही अळ्या तयार होतात. इथे मात्र प्रत्येकीची गत निराळी झाली आणि बहुतेक वाढ खुंटून मेल्या. निष्कर्ष १९०२ मध्ये आला : प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे असते, म्हणून संच पूर्ण हवा.

आज याचे महत्त्व काय?
बिघडलेल्या गुणसूत्रांतून कॅन्सरची गाठ सुरू होते, असे त्यांनी १९१४ च्या पुस्तकात मांडले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मार्सेला यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये आला. पेशीतील डीएनए मोजून तो ठरावीक असतो, हे १९४८ मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी दाखवले.

पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गुणसूत्रांच्या संख्येतील बिघाड असतो. बहुतेकदा तो अंडे किंवा शुक्राणू तयार होतानाच झालेला असतो. पपई खाल्ली, जिना चढली म्हणून तो होत नाही. त्यामुळे अशा वेळी घरातल्या बाईला दोष देण्याआधी सी अर्चिनचा हा प्रयोग आठवावा.