मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ : हिप्परगा ते अंबाजोगाई

प्रस्तावना

स्वामी रामानंद तीर्थ हे नाव आपण हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून ऐकलेले असते. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात त्यांचे स्मरण केले जाते. परंतु राजकीय नेतृत्व पत्करण्यापूर्वी सुमारे नऊ वर्षे ते शिक्षक व मुख्याध्यापक होते, आणि त्यांपैकी शेवटची वर्षे त्यांनी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत घालवली, ही बाब बहुधा मागे राहते. या पाठात आपण त्यांच्या चरित्राकडे त्या बाजूने पाहणार आहोत. शासनाच्या छायेपासून दूर राहू पाहणारी शाळा चालवणे म्हणजे काय, आणि चालक निघून गेल्यावर अशी शाळा कशी टिकते, हे प्रश्न वाचताना मनाशी ठेवावेत.

जडणघडण

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापूरला शिकत असताना १९२० मध्ये लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्या प्रसंगी या तरुणाने अविवाहित राहून देशकार्य करण्याचा निश्चय केला. असहकाराच्या काळात सरकारी शिक्षणाकडे पाठ फिरवून त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाची वाट धरली. पुढे पुण्याच्या टिळक विद्यापीठात उच्च शिक्षण घेताना त्यांनी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. त्यानंतर कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत त्यांनी काम केले. परंतु गंभीर आजारामुळे ते थांबले.

येथे एक विसंगती लक्षात घ्या. लोकशाहीचा अभ्यास केलेल्या या माणसाने कार्यक्षेत्र म्हणून निवडले ते निजामाचे संस्थान, जेथे प्रजेला राज्यकारभारात कोणताही खरा अधिकार नव्हता.

संस्थानातील शिक्षणाची स्थिती

हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी प्रजा बहुसंख्य होती; राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठेवण्यात आले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचे महत्त्व मान्य करावेच लागेल. परंतु मराठवाड्यातील खेड्यातल्या मुलाला ही भाषा घरची नव्हती. खासगी शाळा काढण्यास सरकारी परवानगी लागे आणि अशा शाळांकडे संशयाने पाहिले जाई. तरीही गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय (१९०७) आणि औरंगाबादची सरस्वती भुवन (१९१५) यांसारख्या संस्था लोकांच्या बळावर उभ्या राहिल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा ही याच परंपरेतील होय. ती १९२१ मध्ये सुरू झाली.

हिप्परगा : स्वातंत्र्य आणि त्याची किंमत

१९२९ च्या सुमारास खेडगीकर या शाळेत आले व तिचे मुख्याध्यापक झाले. १४ जानेवारी १९३० रोजी त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊन ते मठात गेले नाहीत, वर्गातच राहिले. त्यांच्या दृष्टीने संन्यास म्हणजे स्वतःच्या प्रपंचातून मोकळे होऊन लोकांच्या प्रपंचात उतरणे होते.

राष्ट्रीय शाळेचे तत्त्व आपण समजून घेतले पाहिजे. अशी शाळा सरकारी अनुदान घेत नसे. म्हणून काय शिकवावे हे ती स्वतः ठरवू शके. मात्र अनुदान नाही म्हणजे पैशांची कायमची ओढाताण, आणि सरकारी मान्यता नाही म्हणजे विद्यार्थ्याच्या पुढील शिक्षणाची व नोकरीची अडचण. शिक्षकांनी त्याग करणे एक वेळ सोपे. पण त्या त्यागाचा भार शेतकऱ्याच्या मुलावर किती टाकावा, हा प्रश्न अशा प्रत्येक शाळेपुढे उभा असे. त्याचे सोपे उत्तर कोणाजवळही नव्हते.

अंबाजोगाई : नवे ठिकाण, तेच काम

१९३५ मध्ये स्वामीजी व त्यांचे काही सहकारी अंबाजोगाईस आले. निजामी राजवटीत या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद असे होते. मराठीच्या विद्यार्थ्याला हे गाव मुकुंदराज व दासोपंत यांच्यामुळे परिचित आहेच. तेथील ग्रामदेवता योगेश्वरी हिच्या नावाने चालणारी शाळा या शिक्षकांनी आपली मानली.

या स्थलांतराचा अर्थ काय? शाळा म्हणजे इमारत नव्हे, एका ध्येयाने बांधलेला शिक्षकांचा समूह म्हणजे शाळा, हे त्यातून दिसते. हिप्परगा हे खेडे, अंबाजोगाई हे बाजारपेठेचे गाव. परिस्थिती बदलली, तरी समूह टिकल्यामुळे कामाचा धागा तुटला नाही. बाबासाहेब परांजपे हे या समूहातील एक प्रमुख सहकारी होत.

शाळा सोडण्याचा निर्णय

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि स्वामीजी सार्वजनिक कार्यात ओढले गेले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजी त्यात उतरले व तुरुंगात गेले.

मुख्याध्यापकाने सत्याग्रह केला तर शाळेवर सरकारची वक्रदृष्टी होणार, आणि शाळेसाठी गप्प राहिले तर वर्गात शिकवलेल्या मूल्यांना अर्थ उरणार नाही, असा हा पेच होता. स्वामीजींनी शाळेपासून दूर होऊन लढ्यात जाणे पसंत केले. शाळा चालवण्याची जबाबदारी सहकाऱ्यांनी उचलली. एका व्यक्तीच्या तेजावर उभी असलेली संस्था बहुधा त्या व्यक्तीबरोबर मावळते. योगेश्वरीची शाळा मावळली नाही. पुढे परांजपेही मुक्तिसंग्रामात सक्रिय झाले आणि १९५२ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले.

उत्तरकाल

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली. स्वामीजी दोनदा लोकसभेचे सदस्य झाले; भाषिक तत्त्वावर हैदराबाद राज्याचे विभाजन व्हावे, असा त्यांचा आग्रह राहिला. शिक्षणाची ओढ मात्र सुटली नाही. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले, त्यामागे त्यांची प्रेरणा व नेतृत्व होते. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेडचे विद्यापीठ व अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

समारोप

स्वामीजींच्या चरित्रातील शिक्षक आणि राजकीय नेता हे दोन वेगळे पुरुष नव्हेत. माणसे जमवणे, त्यांच्यावर विश्वास टाकणे आणि वेळ येताच बाजूला होणे हे ते शाळेत शिकले व पुढे त्यांनी ते चळवळीत आचरले. आपणही नोकरी व संसार सांभाळून शिकत आहात; आपल्या गावातील जुनी शाळा कोणाच्या श्रमावर उभी राहिली, याची चौकशी अवश्य करावी. तो या पाठाचाच पुढचा भाग ठरेल.

स्वाध्याय

१. राष्ट्रीय शाळेला अनुदान नाकारल्यामुळे कोणते स्वातंत्र्य मिळे आणि कोणत्या अडचणी येत, ते लिहा.
२. १९३८ मधील स्वामीजींचा निर्णय आपणास योग्य वाटतो का? शाळेच्या हिताचा विचार करून सकारण मत मांडा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या दिवंगत शिक्षकाचे सुमारे २०० शब्दांत चरित्र लिहा.