तिजोरीची दुसरी किल्ली

मनाच्या जखमा उघडणाऱ्या डॉक्टरनं थांबायचं कुठं? या प्रश्नाशी मला शांदोर फेरेन्त्सी आठवतो. जन्म १८७३, हंगेरीतला. बुडापेस्टचा डॉक्टर, फ्रॉइडचा जवळचा सहकारी. उपचार करणाऱ्यानं आधी स्वतःचं मन तपासून घ्यावं, हा त्याचा आग्रह. पण प्रेयसी गिझेलाच्या मुलीवर उपचार करता करता तो तिच्याच प्रेमात पडला. अखेर १९१९ मध्ये लग्न गिझेलाशीच झालं. १९३२ मध्ये व्हीसबाडेनच्या परिषदेत त्यानं बजावलं, की मुलांवरचे अत्याचार खरे असतात; डॉक्टरच्या कोरड्या, दांभिक वागण्यानं जुनी जखम पुन्हा उघडते. फ्रॉइड दुरावला. १९३३ मध्ये फेरेन्त्सी गेला.

बँकेची तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. मनाच्या तिजोरीलाही दुसरी किल्ली हवी, ज्येष्ठाच्या देखरेखीची.