विश्लेषण : ब्रिटिशांना स्कीइंगचे वेड लावणारे अर्नोल्ड लन कोण होते? ते वेड आज इतके महाग का झाले?

हिवाळी सुट्ट्यांचे बुकिंग सुरू झाले की ब्रिटिश माध्यमांत एक बातमी ठरलेली असते : आल्प्समधील स्कीइंगची सुट्टी यंदाही महागली. विमानाचे तिकीट, हॉटेल, लिफ्टचा पास, बूट आणि स्कीचे भाडे, मुलांसाठी प्रशिक्षक, त्यात डोंगरावरच्या उपाहारगृहातील जेवण. चौघांच्या कुटुंबाची ही बेरीज अनेकांच्या आवाक्याबाहेर गेली आहे. तरीही दरवर्षी लाखो ब्रिटिश पर्यटक आल्प्सकडे निघतातच. स्कॉटलंडमधील मोजके डोंगर सोडले तर ज्या देशात स्कीइंगची सोय नाही, त्या देशाला हे वेड लागले कसे? याचे उत्तर शोधताना एका माणसाकडे यावे लागते. त्याचा जन्म बर्फाशी काहीही संबंध नसलेल्या शहरात, मद्रासमध्ये झाला होता.

मद्रास ते आल्प्स…

अर्नोल्ड लन यांचा जन्म १८ एप्रिल १८८८ रोजी मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत झाला. वडील हेन्री लन हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक आणि डॉक्टर. मिशनरी म्हणून ते भारतात आले, पण प्रकृतीने साथ न दिल्याने लवकरच मायदेशी परतले. परतल्यावर त्यांनी भारतातील मिशनऱ्यांच्या ऐषारामी राहणीवर जाहीर टीका केली आणि त्यावरून चर्चच्या वर्तुळात मोठा वाद झाला. याच हेन्री लन यांनी पुढे श्रीमंतांना ऐषारामी सुट्ट्या विकल्या, हा योगायोग गमतीचा आहे.

त्या व्यवसायाची सुरुवातही धर्मकार्यातूनच झाली. वेगवेगळ्या पंथांच्या चर्चना एकत्र आणण्यासाठी हेन्री यांनी १८९२ पासून स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड येथे परिषदा भरवल्या. पाहुण्यांची रेल्वे तिकिटे आणि हॉटेले ठरवता ठरवता या कामात पैसा आहे, हे त्यांच्या लक्षात आले. तोपर्यंत आल्प्स हे उन्हाळ्यात जाण्याचे ठिकाण होते. हिवाळ्यात बहुतेक हॉटेलांना कुलूप असे. १८९८ च्या हिवाळ्यात हेन्री यांनी पर्यटकांचा गट फ्रान्समधील शामोनीला नेला. सोबत दहा वर्षांचा अर्नोल्ड होता. तिथे त्याने पहिल्यांदा पायाला स्की बांधल्या.

सुट्टी महाग, की मुद्दाम महाग?

हेन्री यांच्यासमोर एक अडचण होती. ईटन, हॅरोसारख्या महागड्या शाळांतून शिकलेला उच्चभ्रू वर्ग एका धर्मोपदेशकाच्या ट्रॅव्हल कंपनीतून प्रवास करायला तयार नव्हता. ते त्याला कमीपणाचे वाटे. मग हेन्री यांनी तोडगा काढला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ‘पब्लिक स्कूल्स अल्पाइन स्पोर्ट्स क्लब’ सुरू केला. (ब्रिटनमध्ये ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सरकारी शाळा नव्हे, तर भरमसाट शुल्क घेणारी खासगी शाळा.) ठरावीक शाळा-विद्यापीठांत शिकलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांनाच सदस्यत्व मिळे. स्विस गावांतील हॉटेले हंगामभर या क्लबसाठी राखून ठेवली जात. म्हणजे ग्राहक तेच आणि कंपनीही तीच, फक्त तिकीट काढण्याऐवजी सदस्य व्हायचे.

आजच्या भाषेत हे चोख ब्रँडिंग होते. स्कीइंगची सुट्टी ही कोणीही घ्यायची गोष्ट नाही, ती विशिष्ट लोकांची आहे, ही समजूत इथे पक्की झाली. ब्रिटनमध्ये ती आजही पूर्ण पुसली गेलेली नाही.

म्युरेन हे गाव एका उंच कड्याच्या माथ्यावर, सुमारे १,६४० मीटर उंचीवर आहे. तिथे जाणारी छोटी रेल्वे १८९१ पासून होती, पण ती हिवाळ्यात धावत नसे. हेन्री यांनी पाठपुरावा केल्यानंतर १९१०-११ च्या हिवाळ्यापासून ती सुरू झाली. हॉटेले उघडली, ब्रिटिश पाहुणे आले. आणि अर्नोल्डला त्याची प्रयोगशाळा मिळाली.

कंदाहारचे नाव बर्फात कसे पोहोचले?

जानेवारी १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधील मोंटाना येथे अर्नोल्ड यांनी एक शर्यत भरवली. स्पर्धकांनी आदल्या दिवशी डोंगर चढायचा, रात्री वरच्या झोपडीत मुक्काम करायचा आणि सकाळी एकाच वेळी निघून हिमनदीवरून गावापर्यंत घसरत यायचे, असे तिचे स्वरूप होते. चषक दिला होता फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांनी. रॉबर्ट्स यांचा जन्म कानपूरचा. १८८० मध्ये काबूलहून कंदाहारवर चाल करून मिळवलेल्या विजयामुळे ‘कंदाहार’ हे नाव त्यांच्या किताबाला जोडले गेले. तेच चषकाला मिळाले, पुढे १९२४ मध्ये म्युरेनला स्थापन झालेल्या कंदाहार स्की क्लबलाही. आल्प्समध्ये आज ‘कंदाहार’ नावाचे उतार दिसतात, त्यामागे अफगाणिस्तानातील हा इतिहास आहे.

या शर्यतीच्या दोन वर्षे आधी अर्नोल्ड यांच्यावर मोठे संकट ओढवले होते. ऑगस्ट १९०९ मध्ये वेल्समधील एका कड्यावर चढाई करताना ते कोसळले. पायाचे हाड मोडले, जखम वर्षानुवर्षे भरली नाही आणि तो पाय कायमचा आखूड राहिला. पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात घेतले गेले नाही ते याच कारणाने. तो काळ त्यांनी बराचसा म्युरेनमध्येच, तिथे आणून ठेवलेल्या जखमी ब्रिटिश युद्धकैद्यांसोबत घालवला. या आखूड पायाने त्यांनी १९१७ मध्ये साडेचार हजार मीटरहून उंच डोम शिखरावर स्कीच्या मदतीने पहिली चढाई केली.

त्या काळी स्कीइंगवर सत्ता होती नॉर्वे आणि स्वीडनची. त्यांच्या मते खरे स्कीइंग दोनच प्रकारचे : सपाटीवरून लांब अंतर कापणे आणि उंचावरून उडी मारणे. डोंगरावरून नुसते खाली येणे हा त्यांच्या लेखी खेळच नव्हता. अर्नोल्ड यांना हे मान्य नव्हते. आल्प्समध्ये कस लागतो तो वळण घेण्यात, असे त्यांचे म्हणणे. जानेवारी १९२२ मध्ये त्यांनी म्युरेनच्या सरावाच्या उतारावर जोडीजोडीने झेंडे रोवले. त्यांच्यामधून वळणे घेत जो कमी वेळात खाली येईल तो विजेता. कोण किती डौलदार वळला याचे गुण नाहीत, फक्त घड्याळ. आधुनिक ‘स्लॅलम’ शर्यत जन्मली ती अशी.

नॉर्डिक देशांशी त्यांची लढाई आठ वर्षे चालली. हत्यारे दोन : लेख आणि पत्रव्यवहार. ब्रिटिश स्कीइंगच्या वार्षिकाचे संपादन ते सुमारे पन्नास वर्षे करत होते. १९२८ मध्ये ऑस्ट्रियाच्या हानेस श्नायडर यांच्यासोबत त्यांनी सेंट अँटोन येथे ‘आर्लबर्ग-कंदाहार’ शर्यत सुरू केली. अखेर १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने डाउनहिल आणि स्लॅलमला मान्यता दिली. लगेच १९३१ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा म्युरेनला झाली. महिलांच्या दोन्ही शर्यती ब्रिटनच्या एस्मे मॅकिनन यांनी जिंकल्या. १९३६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्येही हा प्रकार पोहोचला.

लिफ्टच्या पासचा लन यांच्याशी काय संबंध?

इथे खर्चाचा मुद्दा येतो. नॉर्वेच्या पद्धतीने स्कीइंग करायचे तर स्की, काठ्या आणि दमदार फुप्फुसे पुरतात. पण खेळ फक्त खाली येण्याचा झाला की कोणीतरी वर न्यावे लागते. चढायला तीन तास आणि उतरायला दहा मिनिटे, हा हिशेब सुट्टीवर आलेल्यांना पटणारा नव्हता. म्युरेनजवळच्या वेंगेनमध्ये १९२५ साली ब्रिटिशांनी काढलेल्या क्लबचे नावच ‘डाउनहिल ओन्ली’ होते. रेल्वेने वर, स्कीवरून खाली, पुन्हा रेल्वेने वर. १९३४ मध्ये दावोसला दोरीने ओढून वर नेणारी लिफ्ट आली आणि मग आल्प्सभर लिफ्टचे जाळे पसरले.

लिफ्ट उभारायला भांडवल लागते, चालवायला वीज आणि माणसे लागतात, आणि हा सगळा खर्च वर्षातील चार-पाच महिन्यांत वसूल करायचा असतो. आता त्यात कृत्रिम बर्फाची भर पडली आहे. तापमान वाढत असल्याने कमी उंचीवरील उतारांवर नैसर्गिक बर्फाची खात्री राहिलेली नाही. बर्फ तयार करण्यासाठी तलाव, पंप, नळ आणि फवारे बसवावे लागतात. पासच्या किमतीत हे सारे येते. पर्यटक उंचावरच्या गावांकडे वळतात, तिथे खोल्या मोजक्या, म्हणून तिथले दर आणखी चढे.

अर्नोल्ड यांना हे सर्व हवे होते असे मात्र नाही. त्यांचे मन शांत, न तुडवलेल्या बर्फावरून शिखरे ओलांडण्यात रमे. लिफ्टखालच्या घट्ट, गुळगुळीत उतारांवरील गर्दीबद्दल त्यांनी उतारवयात नाराजीही व्यक्त केली. पण ती गर्दी तिथे आली होती ती त्यांच्याच शर्यतींमुळे, हे कसे नाकारणार?

पौंडाची घसरगुंडी…

सुट्टी महागण्याचे सर्वांत जुने कारण उतारावर नाही, चलनात आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी एका पौंडाला सुमारे २५ स्विस फ्रँक मिळत. म्हणजे स्विस हॉटेलचे २५० फ्रँकचे बिल ब्रिटिश पाहुण्याला १० पौंडांना पडे.

सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक सोडले. म्युरेनची पहिली जागतिक स्पर्धा होऊन जेमतेम सात महिने झाले होते. वर्षअखेरीस पौंड १७-१८ फ्रँकपर्यंत खाली आला. तेच बिल आता १४ पौंडांवर गेले. स्वित्झर्लंडने स्वतःचे चलन १९३६ पर्यंत खाली आणले नाही, त्यामुळे खिसा सांभाळणारे ब्रिटिश ऑस्ट्रियाकडे वळले. व्हिएन्नाच्या एर्ना लो यांनी १९३२ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली : ऑस्ट्रियात पंधरा दिवस, खर्च १५ पौंड. लन कुटुंबाच्या क्लबबाहेरचा ग्राहक बर्फावर आला तो अशा सहलींतून.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर सरकारच आडवे आले. परकीय चलन वाचवण्यासाठी ऑक्टोबर १९४७ मध्ये पर्यटनासाठी परदेशी चलन देणेच काही महिने बंद झाले. पुढे मर्यादा घालून ते सुरू झाले, पण १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि तो साधारण १२ फ्रँकवर आला. जानेवारी १९५२ मध्ये तर परदेशात खर्चासाठी माणशी फक्त २५ पौंडांची मुभा उरली, म्हणजे सुमारे ३०० फ्रँक. योगायोग असा, की ब्रिटिश स्कीइंग आणि ब्रिटन-स्वित्झर्लंड संबंधांसाठी अर्नोल्ड लन यांना ‘सर’ हा किताब मिळाला तो याच वर्षी. १९६६ मध्ये पुन्हा ५० पौंडांची मर्यादा आली, ती १९७० पर्यंत टिकली. दरम्यान १९६७ मध्ये पौंडाचे आणखी एक अवमूल्यन झाले.

२ जून १९७४ रोजी अर्नोल्ड यांचे लंडनमध्ये निधन झाले, तेव्हा पौंडाला सुमारे सात फ्रँक मिळत होते. आज सव्वा फ्रँकही मिळत नाही. २५० फ्रँकचे ते बिल आता २०० पौंडांच्या वर जाते. अर्थात या काळात ब्रिटनमधील पगारही कितीतरी पटींनी वाढले, त्यामुळे आकडे जसेच्या तसे ताडून पाहता येत नाहीत. पण ज्या देशात बर्फ आहे त्याचे चलन वधारत राहिले आणि ज्या देशातून पाहुणे येतात त्याचे घसरत राहिले, हे शंभर वर्षांचे चित्र आहे.

ब्रेग्झिटने काय बदलले?

स्वित्झर्लंड परवडत नाही म्हणून बरेच ब्रिटिश फ्रान्स आणि ऑस्ट्रियात जाऊ लागले. तिथे ‘शॅले’ ही खास ब्रिटिश पद्धत रुजली. लाकडी घर, एकत्र जेवण, आणि स्वयंपाक-साफसफाईला हंगामापुरते आलेले ब्रिटिश तरुण-तरुणी. त्यांना रोख पगार बेताचा मिळे, राहणे, जेवण आणि पास कंपनीकडून. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश नागरिकांचा युरोपीय महासंघात मुक्तपणे काम करण्याचा हक्क संपला. आता त्यांच्यासाठी व्हिसा आणि परवाने काढावे लागतात किंवा स्थानिक पगारावर माणसे नेमावी लागतात. त्यामुळे अनेक कंपन्यांनी शॅले कमी केली आणि स्वस्तातला तो पर्याय आक्रसला. शाळेला जाणारी मुले असलेल्या कुटुंबांची कोंडी वेगळीच. नाताळ आणि फेब्रुवारीतील सुट्टीचा आठवडा याच काळात सगळे एकदम निघतात आणि दर तेव्हाच सर्वाधिक असतात. काहींनी बल्गेरियातील बान्स्कोसारखी स्वस्त ठिकाणे शोधली आहेत.

हेन्री लन यांच्या नावाची कंपनी १९६० च्या दशकात दुसऱ्या एका कंपनीबरोबर एकत्र येऊन ‘लन पॉली’ झाली आणि सामान्य ब्रिटिशांना स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यांच्या सहली विकू लागली. ते नावही आता बाजारात नाही. म्युरेनमध्ये १९२८ पासूनची ‘इन्फर्नो’ शर्यत मात्र दर जानेवारीत होते आणि तिला अठराशेच्या आसपास स्पर्धक येतात. १९११ मध्ये स्पर्धक पायी चढून गेले होते त्या मोंटानाच्या उतारांवर, आजच्या क्राँ-मोंटानात, लिफ्ट चालवणारी कंपनी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हेल रिसॉर्ट्सने ताब्यात घेतली.