जीर्णोद्धाराचा धनी: सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट

मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधील दीक्षान्त सभागृह आणि त्याला लागून असलेला राजाबाई टॉवर ज्यांच्या आराखड्यांवरून उभे राहिले, त्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवले नाही. नकाशे लंडनहून आले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावे बांधलेला हा मनोरा नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा स्कॉट यांच्या निधनाला सात महिने उलटून गेले होते. मुंबईकरांना त्यांची ओळख आहे ती एवढीच. इंग्लंडमध्ये मात्र हे नाव निघते ते तेथील प्राचीन कॅथेड्रलांच्या संदर्भात, आणि ते नेहमीच आदराने घेतले जाते असे नाही.

स्कॉट यांचा जन्म १३ जुलै १८११ रोजी बकिंगहॅमशायरमधील गॉकॉट या खेड्यात झाला. वडील तेथील धर्मोपदेशक होते आणि त्यांना स्वतःला बांधकामाची हौस होती. मुलाला गावोगावची जुनी चर्चे रेखाटण्याचा नाद लागला, तेव्हा त्यांनी १८२७ मध्ये त्याला लंडनला जेम्स एडमेस्टन या वास्तुविशारदाकडे उमेदवारीसाठी पाठविले. व्यवसायाची सुरुवात मात्र अगदी रूक्ष होती. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्यानुसार इंग्लंडभर वर्कहाऊस, म्हणजे निर्धनांकडून काम करवून घेऊन त्यांना आसरा देणारी गृहे, उभारली जाऊ लागली. स्कॉट आणि त्यांचे भागीदार विल्यम मोफॅट यांनी अशी ४० हून अधिक गृहे बांधली. या कामाने त्यांना पैसा दिला आणि एकाच वेळी अनेक गावांतील बांधकामे हाकण्याची सवय लावली. पुढे हीच सवय त्यांचे बळ ठरली, आणि त्यांच्यावरील आक्षेपांचे मूळही.

पुजिन यांचे लेखन वाचून स्कॉट मध्ययुगीन गॉथिक शैलीकडे ओढले गेले. मोफॅट यांच्याशी असलेली भागीदारी १८४५ मध्ये संपली. ती मोडण्यात त्यांच्या पत्नी कॅरोलिन यांचाच पुढाकार होता. पती कच खात आहेत असे पाहून त्या स्वतः कचेरीत गेल्या आणि मोफॅट यांना निर्णय सांगून आल्या. त्याच सुमारास जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात, १८४२ च्या आगीत जळालेल्या सेंट निकोलस चर्चच्या जागी नवे चर्च बांधण्याचे काम स्कॉट यांना मिळाले आणि त्यांची कीर्ती इंग्लंडबाहेर पोहोचली.

दोन वर्षांनी, १८४७ मध्ये, त्यांना ईलीहून बोलावणे आले. कॅथेड्रल म्हणजे बिशपचे आसन असलेले, धर्मप्रांताचे मुख्य चर्च. इंग्लंडमध्ये कॅथेड्रलामुळे गावाला शहराचा मान मिळत असे आणि पेठा, शाळा, धर्मशाळा त्याच्या आश्रयाने वाढत. ईली हे तर दलदलीच्या प्रदेशातील एका उंचवट्यावर वसलेले लहानसे गाव. त्यावर जहाजासारखे तरंगणारे कॅथेड्रल मैलोन्‌मैल दिसते. मधला मनोरा १३२२ मध्ये कोसळल्यावर तेथे उभारलेला लाकडी अष्टकोनी कंदील हे मध्ययुगीन सुतारकामातील एक आश्चर्य समजले जाते. डीन जॉर्ज पीकॉक हे मुळात केंब्रिजचे गणितज्ञ. त्यांनी या वास्तूची डागडुजी स्कॉट यांच्या हाती सोपविली. पीकॉक यांच्या निधनानंतर कंदिलाचा जो जीर्णोद्धार झाला, तो त्यांचे स्मारक म्हणूनच.

येथून पुढे लिचफील्ड, हेरफर्ड, सॅलिस्बरी, रिपन, वूस्टर, चेस्टर, ग्लॉस्टर, एक्झिटर, रॉचेस्टर अशी रीघच लागली. या वास्तू त्या वेळी खरोखरच दैन्यावस्थेत होत्या. आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात मठ बुडविल्यापासून कित्येकांकडे दुर्लक्षच झाले होते. आता रेल्वे आली होती, व्हिक्टोरियन इंग्लंडच्या हाती पैसा होता आणि धर्मश्रद्धेलाही भरती आली होती. स्कॉट आगगाडीने एका शहरातून दुसऱ्या शहरात धावत असत, आणि लंडनच्या कार्यालयात वीस-पंचवीस सहायक नकाशे काढत बसत. एकदा गाडीतून उतरल्यावर, आपण येथे कशासाठी आलो आहोत, अशी विचारणा त्यांनी तारेने आपल्याच कार्यालयाकडे केली, असा किस्सा सांगितला जातो. तो खरा असो वा रचलेला, सुमारे ८०० कामे ज्यांच्या नावावर आहेत, त्यांच्याविषयीच तो रचला जाऊ शकतो.

चिचेस्टरची हकिकत वेगळी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील या शहराचे उंच शिखर खलाशांना समुद्रातूनही दिसत असे. मनोऱ्याखालचे खांब आतून पोकळ झाले होते आणि १८६१ च्या फेब्रुवारीत कामगार रात्रंदिवस टेकू देत होते. त्यातच वादळ झाले. २१ फेब्रुवारी रोजी दुपारी शहरवासीयांच्या डोळ्यांदेखत ते शिखर कलंडले नाही, तर सरळ खाली खचत आपल्याच मनोऱ्यात उतरले. कामगारांना थोडा वेळ आधी बाहेर काढण्यात आले होते, त्यामुळे एकही जीव गेला नाही. शहराच्या क्षितिजाचा आकार मात्र क्षणार्धात बदलला. स्कॉट यांनी जुनी मोजमापे आणि ढिगाऱ्यातील कोरीव दगड जुळवून १८६६ पर्यंत शिखर पुन्हा उभे केले. पूर्वीसारखेच, पण सुमारे सहा फूट उंच! ते सहा फूट त्यांना का घालावेसे वाटले असतील? मनोऱ्याचा खालचा भाग छपरांआड झाकला जात होता आणि तो उठून दिसावा असे त्यांना वाटले. स्कॉट यांचा सारा स्वभाव या सहा फुटांत आला आहे.

सेंट ऑल्बन्स येथेही वेळ अशीच आणीबाणीची होती. येथील अकराव्या शतकातील मनोरा जवळच्या उद्ध्वस्त रोमन शहराच्या विटांनी बांधलेला आहे. मठ बुडाल्यावर गावकऱ्यांनी १५५३ मध्ये ४०० पौंड मोजून हे चर्च विकत घेतले होते, पण एवढा डोलारा सांभाळणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. १८७० मध्ये मनोऱ्याला तडे जाऊ लागले. स्कॉट यांनी अवाढव्य लाकडी टेकू लावून, एका खांबाच्या पायाशी सापडलेली पोकळी भरून काढून तो वाचविला. १८७७ मध्ये या चर्चला कॅथेड्रलचा आणि गावाला शहराचा दर्जा मिळाला. मनोरा पडला असता, तर हा मान मिळणे अवघडच होते.

मग राग कशाचा? वास्तू वाचविताना स्कॉट तेथेच थांबत नसत. तेराव्या-चौदाव्या शतकातील गॉथिक हीच उत्तम शैली, या समजुतीने नंतरच्या काळातील भर काढून टाकली जाई आणि तिच्या जागी मूळ कसे असावे याचा अंदाज बांधून नवे काम केले जाई. कधी त्याहूनही मागे जात. ऑक्सफर्डच्या कॅथेड्रलातील चौदाव्या शतकातील पूर्वेची खिडकी काढून तेथे त्यांनी नॉर्मन धाटणीची नवी भिंत बांधली. वस्तुतः जुन्या चर्चांचा जीर्णोद्धार मुळाशी प्रामाणिक राहून करावा, असे प्रतिपादन करणारे पुस्तक स्कॉट यांनीच १८५० मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यांचे विचार सावध होते, पण हातांना आवर नव्हता. शिवाय दूर लंडनमध्ये बसून प्रत्येक दगडावर लक्ष ठेवणे शक्यही नव्हते.

१८७४ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटने जॉन रस्किन यांना सुवर्णपदक देऊ केले. प्राचीन वास्तूंचा विध्वंस होत असताना हा सन्मान नको, असे म्हणून त्यांनी तो नाकारला. संस्थेचे अध्यक्ष होते स्कॉट! तीन वर्षांनी ट्यूक्सबरीच्या मठचर्चमधील त्यांच्या कामाची वार्ता ऐकून विल्यम मॉरिस यांनी वृत्तपत्रातून जाहीर निषेध केला आणि मार्च १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. जुन्याला नवे रूप देऊ नका, फक्त डागडुजी करा, हा तिचा आग्रह आज जगभर मान्य झाला आहे. हा घाव स्कॉट यांना खोल लागला. आपल्या आठवणींत त्यांनी स्वतःची बाजू तपशीलवार मांडली. हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८७९ मध्ये, प्रसिद्ध झाले.

२७ मार्च १८७८ रोजी लंडनमध्ये स्कॉट यांचे निधन झाले. ज्या वेस्टमिन्स्टर अॅबीची देखभाल त्यांनी १८४९ पासून केली, तेथेच त्यांचे दफन झाले. त्यांचे नातू जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी लिव्हरपूलच्या नव्या कॅथेड्रलाची स्पर्धा जिंकली. इंग्लंडमधील लाल टेलिफोन-बूथही त्यांचेच.

स्कॉट यांनी इतरांच्या कामाचे जे केले, तेच पुढच्या पिढीने त्यांच्या कामाचे केले. हेरफर्डसाठी त्यांनी योजिलेला आणि कॉव्हेन्ट्रीच्या स्किडमोर यांनी घडविलेला लोखंड, पितळ व तांब्याचा जाळीदार पडदा १८६२ च्या लंडन प्रदर्शनात वाखाणला गेला होता. विसाव्या शतकाला तो भडक वाटू लागला. सॅलिस्बरीतील असाच पडदा आधीच काढला गेला होता; १९६७ मध्ये हेरफर्डचाही उतरविण्यात आला. लिचफील्डचा पडदा मात्र जागेवर राहिला. हेरफर्डच्या पडद्याचे सुटे भाग बरीच वर्षे पेट्यांत पडून होते. अखेर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ते जुळविण्याचे काम हाती घेतले आणि २००१ पासून तो पडदा तेथे पाहावयास मिळतो.