एक रहस्य तेवढे राहून गेले

१९२६ सालच्या ४ डिसेंबरची सकाळ. इंग्लंडच्या सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नर नावाच्या ठिकाणी एक मॉरिस मोटार बेवारस उभी असलेली आढळली. आत एक फरचा कोट होता, मुदत संपलेला वाहन परवाना होता. मालकीण मात्र नव्हती. वय वर्षे छत्तीस. सात वर्षांची मुलगी घरी झोपलेली असताना ती आदल्या रात्री बाहेर पडली होती. नाव अगाथा ख्रिस्ती. व्यवसाय रहस्यकथा लिहिणे.

पुढचे दहा-अकरा दिवस इंग्लंडातल्या वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता. शेकडो पोलीस आणि हजारो हौशी लोक रानोमाळ हिंडले, तळी धुंडाळली गेली, वरून विमानांनी टेहळणी झाली. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी तर बाईंचा एक हातमोजा मिळवून तो अतींद्रिय शक्ती असल्याचे सांगणाऱ्या एका गृहस्थाकडे नेला! साऱ्या जगाला पुरावे तपासायला शिकवणाऱ्या लेखकाने हा मार्ग धरावा, याची गंमत वाटते. अखेर १४ डिसेंबरला बाई सापडल्या त्या उत्तरेकडच्या हॅरोगेट गावी, एका ऐसपैस हॉटेलात. वाद्यवृंदातल्या वादकांनी त्यांना ओळखले होते. हॉटेलच्या नोंदवहीत त्यांनी आपले आडनाव लिहिले होते नील. त्यांचा नवरा ज्या तरुणीच्या प्रेमात पडला होता, तिचे ते आडनाव.

इतक्या टोकाला ही बाई कशी येऊन पोचली, हे समजायचे तर थोडे मागे जावे लागते.

अगाथाचा जन्म १८९० सालचा, डेव्हनमधल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावचा. वडील अमेरिकन, बसून खाणारे, मोठे प्रेमळ. तीन भावंडांत ही धाकटी. मुलीने आठ वर्षांची होईपर्यंत वाचायला शिकू नये, असे आईचे मत. लेकीने त्याआधीच आपले आपण वाचायला शिकून ते मत निकालात काढले. अगाथा अकरा वर्षांची असताना वडील गेले. पैसा आटत चालला होता. ॲशफील्ड नावाचे ते मोठे घर, आई आणि ती, एवढेच जग उरले. आईशी तिचा जीव असा गुंतला, तो कायमचा.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी तिने आर्ची ख्रिस्ती या देखण्या वैमानिकाशी लग्न केले. हा आर्ची आपल्या अखंड हिंदुस्थानातल्या पेशावरचा जन्मलेला. नवरा आघाडीवर आणि बायको टॉर्कीच्या इस्पितळात, आधी परिचारिका, मग औषधे बनवण्याच्या खोलीत. तिथे तिची विषांशी ओळख झाली. कोणते औषध किती थेंबांनंतर विष होते, हे ती परीक्षा देऊन शिकली. रहस्यकथा लिहिणे तुला जमायचे नाही, असे थोरल्या बहिणीने पूर्वी डिवचले होतेच. गावात बेल्जियमचे निर्वासित आले होते; त्यांना पाहून एक छोटेखानी, टापटिपीचा, मिशांचा अभिमान बाळगणारा बेल्जियन गुप्तहेर सुचला. एर्क्यूल प्वारो जन्माला आला तो असा.

ती पहिली कादंबरी प्रकाशकांनी नाकारली. शेवटी एकाने घेतली, पण आणखी पाच पुस्तके त्यालाच देण्याचा करार करून. १९२० साली ती छापून आली आणि लेखिकेच्या हातावर पडले पंचवीस पौंड! ते तेवढे का आणि पुढे काय करायचे, हे मात्र बाई लवकर शिकल्या. पुढचा प्रकाशक त्यांनी नीट पारखून निवडला.

त्याच्यासाठी लिहिलेली पहिली कादंबरी 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड', १९२६ सालची. तिच्या शेवटाने खळबळ उडाली. लेखिकेने आपल्याला फसवले, अशी तक्रार कित्येकांनी केली. खुनी कोण ते इथे सांगून मी कोणाचा रविवार नासवणार नाही. पण पुस्तक मिटून पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागले, की लक्षात येते, बाईंनी सगळे सांगितलेले होते. आपणच पाहिले नव्हते.

या कथांची मोहिनी नेमकी इथे आहे, असे मला वाटते. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. यंत्रे येण्यापूर्वीच्या काळात संध्याकाळी बेरजा जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. फरक चार-सहा आण्यांचा असो की काही पैशांचा, शोध तोच. फरकाला नऊने भाग जात असेल, तर बहुधा कोणीतरी दोन आकडे उलटे लिहिले आहेत, ५४ च्या जागी ४५, हे आम्हांला जुन्याजाणत्यांनी शिकवले होते. रात्री नऊ वाजता तो कागद सापडे. दिवसभरात चौघांच्या हातांखालून गेलेला, चौघांनी पाहिलेला! चूक कधी लपलेली नसे. ती उघड्यावरच असे. त्या क्षणी जो सुस्कारा सुटे, तोच प्वारो सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो तेव्हा वाचकाच्या तोंडून सुटतो.

आणि हा सुस्कारा त्या पिढीला फार हवा होता. महायुद्धात लाखो तरुण मेले. ते का मेले, याचे धड उत्तर कोणी देईना. बाईंच्या कथेत एकच माणूस मरतो, आणि त्याच्यासाठी सगळे गाव थबकते. कोणी मारले, का मारले, याचे उत्तर मिळाल्याशिवाय गोष्ट संपत नाही. रक्तपाताच्या या कथा लोक अंथरुणात पडून, निवांत झोप लागावी म्हणून वाचतात, त्याचे कारण हेच असावे.

हिशेब असा चोख जुळवणाऱ्या बाईंचे घर मात्र त्याच वर्षी विस्कटले. एप्रिलमध्ये आई गेली. आईच्या घरातल्या वस्तू आवरत त्या एकट्या बसत, आणि नवरा येईनासा झाला. ऑगस्टमध्ये त्याने दुसरीवर मन बसल्याचे सांगून घटस्फोट मागितला. डिसेंबरात त्या नाहीशा झाल्या. सापडल्यावर स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. प्रसिद्धीसाठी केलेले नाटक, असे बोलणारेही पुष्कळ निघाले. १९२८ साली घटस्फोट झाला. त्या वर्षी एका वर्तमानपत्राला बाईंनी त्या दिवसांविषयी थोडे सांगितले आणि पुढे जवळजवळ अर्धशतक तोंड मिटून घेतले.

पण त्या खचल्या नाहीत. त्याच वर्षी वेस्ट इंडीजला जायची तिकिटे बदलून त्यांनी ओरिएंट एक्स्प्रेस पकडली आणि एकट्या बगदादला गेल्या. चाळिशीला टेकलेल्या परित्यक्तेने त्या काळी असा प्रवास करणे सोपे नव्हते. १९३० साली उर येथील उत्खननाच्या जागी त्यांची मॅक्स मॅलोवान या पुरातत्त्वज्ञाशी ओळख झाली. तो जवळजवळ चौदा वर्षांनी लहान. त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले आणि ते शेवटपर्यंत टिकले. इराक-सीरियाच्या मातीत नवरा उत्खनन करी आणि बाई सापडलेल्या वस्तू साफ करीत. निमरूदच्या हस्तिदंती मूर्तींच्या खाचांतली माती त्यांनी विणायची सुई आणि चेहऱ्याला लावायचे क्रीम वापरून काढली. उरलेल्या वेळात लेखन चालूच. ओरिएंट एक्स्प्रेसमधला खून, नाईलवरचा मृत्यू, ही सारी त्या भटकंतीची पिके.

एकूण ६६ रहस्यकादंबऱ्या, शिवाय कथा आणि नाटके. १९५२ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेले 'द माउसट्रॅप' २०२० साली साथीच्या रोगाने पडदा पाडीपर्यंत अखंड चालले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभे राहिले. त्यांच्या विषांची माहितीही किती बिनचूक! १९७७ साली लंडनच्या एका रुग्णालयात एका लहान मुलीचे निदान होत नव्हते. तिथली परिचारिका 'द पेल हॉर्स' वाचत होती. तिला लक्षणांवरून थॅलियमची शंका आली, आणि मुलगी वाचली.

दोष नव्हते असे नाही. त्यांची पात्रे पुष्कळदा सोंगट्यांसारखी हलतात. परक्या देशांतल्या माणसांविषयी काही ठिकाणी असे लिहिले आहे, की आज वाचताना संकोच वाटतो. तरी त्यांच्या गोष्टी सगळीकडे रुजल्या. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पोसलेल्या आमच्या पिढीने १९६५ साली 'गुमनाम' आणि १९७३ साली 'धुंद' पाहिला, तेव्हा त्यांमागे ही इंग्रज आजीबाई उभी आहे, हे कितीजणांना ठाऊक होते?

१२ जानेवारी १९७६ रोजी बाई गेल्या. पुढच्या वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. चांगले जाडजूड आहे. बालपण, खेळ, खाणेपिणे, प्रवास, सगळे त्यात आहे. त्या अकरा दिवसांविषयी मात्र एक ओळ नाही. प्रथम वाचले तेव्हा मलाही फसवल्यासारखे वाटले होते. आयुष्यभर प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या बाईने आपल्या प्रश्नाचे पान कोरे ठेवावे?

आता तसे वाटत नाही. बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नाही, तिच्यासाठी सस्पेन्स खाते असते. वरिष्ठ अधिकारी तपासणीला आले की पहिल्यांदा त्या खात्यावर बोट ठेवीत, आणि ते योग्यच होते. तो लोकांचा पैसा असे. माणसाच्या दुःखाचे तसे नाही. तिथे एखादी नोंद त्या खात्यात तशीच राहिली, तर तपासणीला येण्याचा अधिकार कोणालाच नसतो. बाईंनी आपल्याला पुस्तकांतली उत्तरे देणे लागत होते. ती त्यांनी शेवटच्या पैपर्यंत चुकती केली.