चावी आणि विश्वास : अर्देशिर गोदरेज

थोरांची चरित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर संत, देशभक्त, समाजसुधारक आणि साहित्यिक उभे राहतात. व्यापारी माणसाचे चरित्र आपण सहसा वाचत नाही. कला शाखेत तर तसा प्रसंगच येत नाही. तरीही या अंकासाठी मी अर्देशिर गोदरेज यांची निवड केली, त्याला कारण आहे. माझे गाव धसई, तालुका मुरबाड. आमची बाजारपेठ म्हणजे भोवतालच्या वाड्यापाड्यांची बाजारपेठ. डोंगराकडून येणाऱ्या कित्येक बाया साबणाची वडी घेताना नाव वाचत नाहीत. वेष्टनाचा रंग आणि चित्र पाहून वडी उचलतात. एका अक्षराने नाव बदललेली, पण रंग तोच ठेवलेली नकली वडी अशा गिऱ्हाइकाच्या हाती देणे फार सोपे असते. म्हणून खरे बोलून धंदा होतो का, हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकी नाही. त्याचे एक उत्तर मला अर्देशिरांच्या आयुष्यात सापडले.

अर्देशिर बुर्जोरजी गोदरेज यांचा जन्म १८६८ साली मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. भावंडांत ते थोरले. १८९० साली त्यांचा बाचुबाईंशी विवाह झाला. पण दुसऱ्याच वर्षी राजाबाई टॉवरवरून पडून त्यांचा अंत झाला. त्या प्रकरणाने सारी मुंबई हळहळली होती. अर्देशिरांनी पुन्हा लग्न केले नाही. पुढे ते वकील झाले आणि एका अशिलाच्या कामासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांजिबारला गेले. खटला चालवताना, जे आपल्याला खरे वाटत नाही ते न्यायालयापुढे खरे म्हणून मांडावे लागणार, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी नकार दिला आणि ते परतले. वकिली तिथेच संपली.

मुंबईत त्यांनी काही काळ औषधांच्या व्यवसायात काम केले. त्या अनुभवातून शस्त्रक्रियेची हत्यारे येथेच तयार करावीत असे त्यांनी ठरवले. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांनी त्यांना ३००० रुपये कर्ज दिले. हत्यारे उत्तम झाली. ती घेणाऱ्या व्यापाऱ्याची मात्र एक अट होती : त्यांवर भारतीय बनावटीचा शिक्का नको. त्या काळी हिंदुस्थानात बनलेली वस्तू म्हणजे हलकी, अशी समजूत होती. अर्देशिरांना शिक्का हवाच होता. सौदा मोडला आणि धंदाही बुडाला. मित्रहो, येथवरचा हिशेब मांडला तर सत्याने त्यांना दोनदा घरी बसवले होते.

तरीही कामा यांनी पुन्हा मदत केली. मुंबईतील घरफोड्यांच्या बातम्या वाचून अर्देशिरांना कुलपांची कल्पना सुचली, असे सांगतात. १८९७ साली लालबागेत एका शेडमध्ये कुलपांचा कारखाना सुरू झाला. कामा यांचे नातलग बॉइस काही काळ भागीदार होते. ते निघून गेले, पण त्यांचे नाव 'गोदरेज अँड बॉइस' या कंपनीत कायमचे राहिले. इथे मला अर्देशिरांचे खरे धोरण दिसते. कुलूप ही विलक्षण वस्तू आहे. विकत घेताना तिचा गुण कळत नाही. चोर आला म्हणजेच कळतो. म्हणजे गिऱ्हाईक लोखंडाइतकीच करणाऱ्याच्या शब्दाची किंमत मोजत असते. ज्या हट्टापायी हत्यारांचा धंदा गेला, तोच हट्ट कुलपांच्या धंद्याचे भांडवल ठरला. कुलपांमागून तिजोऱ्या आल्या. अर्देशिरांच्या मृत्यूनंतर, १९४४ साली, मुंबईच्या गोदीत प्रचंड स्फोट झाला, तेव्हा आगीत सापडलेल्या या तिजोऱ्यांतील चीजवस्तू शाबूत राहिल्याचे आढळले. कपाटांबद्दल काय सांगावे? लोखंडी कपाट कोणत्याही कारखान्याचे असो, मराठी घरात त्याला 'गोदरेज' म्हणण्याची रीत पडली.

स्वदेशीच्या चळवळीकडेही ते याच नजरेने पाहत. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. तेव्हा ही रक्कम फार मोठी होती. पण देशी वस्तू कशीही असली तरी देशासाठी गोड मानून घ्या, हा विचार त्यांना मान्य नव्हता. परदेशी मालाच्या तोडीचा माल करणे हीच त्यांच्या मते स्वदेशी होती. देशप्रेमाच्या नावावर वाईट माल खपवणे ही त्यांना फसवणूक वाटे.

साबणाकडे ते वळले त्यामागेही हीच दृष्टी होती. इंग्लंडमधील लिव्हर कंपनीचा सनलाइट साबण १८८८ सालीच कलकत्त्याच्या बंदरात उतरला होता. पुढे परदेशी साबणांचा देशभर प्रसार झाला. त्या काळी साबणात प्राण्यांची चरबी सर्रास वापरली जाई आणि हिंदू, जैन, मुसलमान अशा अनेकांच्या मनात त्याबद्दल शंका असे. अर्देशिरांनी वनस्पती तेलांपासून साबण तयार केला. १९१८ साली 'चावी' साबण बाजारात आला. नावातच कुलपाच्या धंद्याची ओळख होती. त्यानंतर अंगाच्या साबणाला त्यांनी 'नंबर २' हे नाव दिले. दुसरा इतका चांगला तर पहिला कसा असेल, असे लोकांना वाटावे हा हेतू. 'नंबर १' मागाहून आला. ही चतुराई होती, पण तिच्यात लबाडी नव्हती, असे मला वाटते. कारण वडीत काय आहे, याविषयी गिऱ्हाइकाला फसवलेले नव्हते. रवींद्रनाथ टागोरांनीही या साबणाची प्रशस्ती केली होती.

धाकटे बंधू पिरोजशा यांनी कारभार वाढवला. व्यवसाय त्यांच्यावर सोपवून अर्देशिर नाशिकला शेतीचे प्रयोग करण्यास गेले. तिथे त्यांना फारसे यश आले नाही. १९३६ साली त्यांचे निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. मागे राहिले ते नाव.

त्या नावाचे पुढे काय झाले, हे वाणिज्य शाखेच्या मित्रांनी जरूर अभ्यासावे. १९५२ साली सिंथॉल आला. २००१ साली 'गोदरेज कन्झ्युमर प्रॉडक्ट्स' ही वेगळी कंपनी झाली. २००६ साली तिने दक्षिण आफ्रिकेतील रॅपिडॉल घेतली. २०१० साली इंडोनेशिया, नायजेरिया आणि अर्जेंटिना येथील कंपन्या घेतल्या. आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका हे तीन खंड आणि घराची निगा, अंगाचा साबण व केसांची निगा हे तीन प्रकार, असे हे धोरण होते. लंडन-न्यूयॉर्कच्या मागे न लागता, जिथले गिऱ्हाईक आपल्यासारखेच चार पैसे मोजून घेणारे आहे तिथे जायचे, हे त्यातले मर्म. ज्या आफ्रिकेत अर्देशिरांची वकिली संपली, त्याच खंडात त्यांचे नाव बहुराष्ट्रीय कंपनी होऊन पोहोचले. अर्थात एवढा पसारा केवळ सचोटीवर उभा राहत नाही. त्याला भांडवल, यंत्रे, जाहिरात आणि पिरोजशांसारखा कर्ता माणूस लागतो. पण सचोटी नसती तर हे सारे कशावर उभे राहिले असते?

१ डिसेंबर २०१६ पासून आमच्या धसईचे नाव राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून वर्तमानपत्रांत झळकले. दुकानांत कार्डाची यंत्रे आली. जिला वेष्टनावरचे नाव वाचता येत नाही, तिला यंत्रावरचा आकडा तरी कसा वाचता येणार? तो दुकानदारानेच सांगायचा आणि तिने मान्य करायचा. नोट असो, कार्ड असो की मोबाईल, व्यवहार अखेर त्या सांगितलेल्या आकड्यावरच चालतो. आपल्यापैकी कित्येकांचे वडील दुकानदार आहेत आणि पदवीनंतर कित्येकजण त्याच गल्ल्यावर बसणार आहेत. त्या वेळी कवी-नाटककारांबरोबर या पारशी कुलूपवाल्याचीही आठवण ठेवावी. गिऱ्हाइकाला पारखता येत नाही तिथेच दुकानदाराची पारख होते, हे त्याने आपल्या आयुष्याने दाखवले आहे.