बडी हॉली : दोन वर्षांची इनिंग

'द चर्पिंग क्रिकेट्स' हा १९५७ चा अल्बम रीमास्टर होऊन आलाय. रात्री हेडफोन लावून ऐका. 'नॉट फेड अवे' या गाण्यातला ठेका नीट कान देऊन ऐका, कारण तो ड्रमचा नाहीच. ड्रमर जेरी ॲलिसन चक्क पुठ्ठ्याचं खोकं बडवतोय! जुगाड काय फक्त आपल्याच लॅबमध्ये चालतो?

या अल्बमचा गायक बडी हॉली. जन्म ७ सप्टेंबर १९३६, टेक्सासमधल्या लबक गावी. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ई' जास्त होता. डेक्का कंपनीच्या करारात तो गळाला आणि यानेही तसाच राहू दिला. १९५६ मध्ये डेक्काने त्याला नॅशव्हिलला नेलं, पण तिथे त्याच्या मनासारखं काही होईना. रेकॉर्ड्स चालल्या नाहीत आणि करार संपला. आपल्या भाषेत सरळ वायडी!

पण बडी खचला नाही. फेब्रुवारी १९५७ मध्ये मित्रांना घेऊन तो क्लोव्हिसला नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत गेला. पेटी तासावर पैसे लावत नसे, म्हणून जमेपर्यंत पुन्हा पुन्हा गाता यायचं. डेक्काने नापास केलेलं 'दॅट्ल बी द डे' तिथे नव्याने रेकॉर्ड झालं. करारामुळे स्वतःचं नाव लावता येईना, म्हणून बँडचं नाव 'क्रिकेट्स' पडलं. गंमत म्हणजे रेकॉर्ड काढली ब्रन्सविकने, म्हणजे डेक्काच्याच शाखेने! सप्टेंबरमध्ये गाणं अमेरिकेत एक नंबरवर.

'वर्ड्स ऑफ लव्ह'मध्ये दोन्ही आवाज बडीचेच आहेत. आधीची टेप वाजवायची, तिच्याबरोबर गायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर घ्यायचं. दर वेळी खरखर वाढायची, त्यामुळे चुकायला फारसा वाव नव्हता.

१९५८ मध्ये त्याने मारिया एलेनाशी लग्न केलं आणि पेटीपासून तो वेगळा झाला. पैसे अडकले, घरी बायको गरोदर, म्हणून भर थंडीत दौरा पत्करला. बसचा हीटर सारखा बंद पडायचा. कंटाळून त्याने छोटं विमान ठरवलं. ३ फेब्रुवारी १९५९ ला आयोवातल्या क्लिअर लेकजवळ ते कोसळलं. रिची व्हॅलन्स, जे. पी. रिचर्डसन आणि पायलटही गेले. बडी २२ वर्षांचा होता.

लिव्हरपूलच्या लेनन-मॅकार्टनी या पोरांनी १९५८ मध्ये आपली पहिली रेकॉर्ड केली, तीही 'दॅट्ल बी द डे'चीच. पुढे ते बीटल्स झाले.

वायडीनंतर बडीला जेमतेम दोन वर्षं मिळाली. तेवढ्यात त्याने एवढं केलं. आपल्याकडे तर अख्खी चार वर्षं आहेत!